१३ लाख ११ हजार ५०० चं कोटेशन: नव्या गाडीच्या किमतीत डीलरचं किती?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चिंचवडला राहता, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता, आणि घरातली ही पहिली कोरी गाडी. चार मीटरच्या आतली, १.२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची एसयूव्ही पसंत केली आहे, एक्स-शोरूम १०,८०,००० रुपये. शोरूमने ३०,००० ची ‘स्पेशल’ सूट धरून ऑन-रोड, म्हणजे कर-विमा सगळं धरून, १३,११,५०० सांगितले आहेत, आणि ही सूट शनिवारपर्यंतच आहे असं बजावलं आहे. २०१५ ची हॅचबॅक एक्स्चेंजला द्यायची आहे. तुम्ही विचारता, हा भाव चांगला आहे का.

मी सोळा वर्षं गाड्यांच्या शोरूममध्ये काढली. आधी सेल्सला, मग टीम लीडर, आणि शेवटची सहा वर्षं इन्शुरन्स-फायनान्सच्या टेबलावर. त्या टेबलावरून बघून सांगतो: गाडीचा भाव ठीक आहे, कोटेशन ठीक नाही. त्यात ५९,४०० रुपये असे आहेत जे तुम्ही द्यायची गरज नाही, आणि तीस हजारांची सूट त्याच पैशातून तुम्हाला दाखवली जाते आहे.

तुम्ही पाठवलेल्या आकड्यांची बेरीज अशी आहे. एक्स-शोरूम १०,८०,०००. आरटीओ १,४२,०००. विमा ५८,४००. टीसीएस (खरेदीवर आगाऊ घेतला जाणारा आयकर) १०,८००. वाढीव वॉरंटी १६,५००. फास्टॅग ६००. हँडलिंग ८,५००. ‘एसेन्शियल किट’ १४,९००. टेफ्लॉन आणि अंडरबॉडी कोटिंग ९,८००. एकूण १३,४१,५००, त्यातून सूट वजा.

यात तीन वेगवेगळ्या खिशांचे पैसे एकत्र कालवले आहेत: कंपनीचे, सरकारचे आणि डीलरचे. घासाघीस होते ती तिसऱ्या खिशात. म्हणून कोटेशन हातात आलं की मी प्रत्येक ओळीपुढे क, स, ड अशी अक्षरं लिहायला सांगतो. ‘ड’ च्या ओळींची बेरीज केली की डीलर खरंच सूट देतोय की घेतोय ते पाच मिनिटांत कळतं.

पहिली ओळ कंपनीची. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते, त्यात जीएसटी, कारखान्यातून शोरूमपर्यंतची वाहतूक आणि डीलरचं मार्जिन हे सगळं आलं. सर्वसाधारण गाड्यांवर हे मार्जिन ढोबळमानाने तीन ते पाच टक्के असतं, म्हणजे तुमच्या गाडीवर तीस-पस्तीस हजार ते पन्नास-पंचावन्न हजार. त्यातूनच शोरूमचं भाडं, पगार, यार्ड आणि उभ्या गाड्यांवरचं व्याज भागवायचं असतं. तेव्हा कोणी ‘आम्ही दीड लाख कमी करतो’ म्हणाला, तर ते पैसे एकतर कंपनीच्या स्कीमचे आहेत, किंवा गाडीत काही गोम आहे, किंवा दुसऱ्या ओळीत ते भरून काढले आहेत. चौथा मार्ग मी सोळा वर्षांत पाहिला नाही.

एक्स-शोरूम किंमत मुळात योग्य आहे का, हेही बघायला हवं, आणि इथे कराचा मोठा भाग आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, गाड्यांवरचा जीएसटी बदलला. चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत इंजिन, अशा गाड्यांना १८ टक्के. बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के, आणि वरचा सेस गेला. नेक्सॉन आणि ब्रेझा दोन्ही ३,९९५ मिलिमीटर लांब. पण नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन १.२ लिटरचं, म्हणून ती १८ मध्ये बसते, आणि ब्रेझाचं दीड लिटरचं, म्हणून ती ४० मध्ये जाते. रस्त्यावर शेजारी उभ्या केल्या तर दोघींच्या लांबीत फरक दिसणार नाही. सांगायचं हे की दोन गाड्यांच्या एक-दीड लाखांच्या फरकात लोखंड किती आणि कर किती, हे एकदा तपासावं. तुमची गाडी १८ टक्क्यांच्या गटातली आहे, तिच्यात कराचा बोजा कमी आहे. त्या बाजूने तुमची निवड चांगली.

आता एक गोष्ट जी शोरूममध्ये कोणी आपणहून सांगत नाही. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीचा एकरकमी रस्ता कर दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ टक्के आणि वीसच्या वर १३ टक्के आहे. हा दर पूर्ण किमतीला लागतो, वरच्या फरकाला नाही. समजा एक व्हेरियंट ९,९५,००० चा आहे आणि दुसरा १०,०५,००० चा. पहिल्याचा कर १,०९,४५०, दुसऱ्याचा १,२०,६००. शिवाय दहा लाखांच्या वर गेलात की १ टक्का टीसीएस, म्हणजे १०,०५० आणखी. किंमत दहा हजारांनी वाढली, पण त्या दिवशी खिशातून ३१,००० पेक्षा जास्त गेले. टीसीएस तुमच्या पॅनवर जमा होतो, आयकर पोर्टलवर तुमच्या नावापुढे दिसतो आणि रिटर्न भरताना परत मिळतो किंवा करात वळता होतो, तो खर्च नाही. तुम्ही पगारदार आहात, रिटर्न भरताच. फक्त त्या वर्षी हा आकडा टाकायला विसरू नका. पुष्कळ लोक विसरतात आणि दहा-दहा हजार सोडून देतात.

तुमच्या मॉडेलमध्ये याच्या खालचा व्हेरियंट ९,९०,००० ला आहे असं तुम्हीच लिहिलं आहे. दोन्हींत ९०,००० चा फरक दिसतो. कर धरला तर १,२९,६०० आणि १,०८,९०० यांतला २०,७०० चा फरक वाढतो, विम्यातही थोडा. म्हणजे वरच्या व्हेरियंटसाठी तुम्ही एक लाख दहा हजारांच्या वर जास्त देता आहात. त्यात काय मिळतं? सनरूफ, अलॉय व्हील, वायरलेस चार्जर, मोठी स्क्रीन. सहा एअरबॅग आणि इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल खालच्या व्हेरियंटमध्येही असेल, तर मी तुमच्या जागी खालचीच घेतली असती. नसेल, तर वरची घ्या आणि एका रुपयाचा विचार करू नका. मुलांना मागच्या सीटवर बसवून तुम्ही दर सुट्टीत गावी जाता, सुरक्षेवर वाचवलेला पैसा मला कधीच पटलेला नाही. सनरूफ मात्र चिंचवडच्या एप्रिलात किती वेळा उघडाल ते तुम्हीच ठरवा.

आता आरटीओची ओळ. १०,८०,००० वर १२ टक्के म्हणजे १,२९,६००. नोंदणी फी ६००, स्मार्ट कार्ड २००, कर्ज असल्याने बोजा चढवण्याचे १,५००. किरकोळ उपकर आणि सेवा शुल्क धरलं तरी १,३५,००० च्या आत बसायला हवं. तुम्हाला १,४२,००० लावले आहेत. हे सात हजार ‘पासिंगचा खर्च’ म्हणून घेतले जातात. नंबर प्लेटचे वेगळे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच येते. शोरूमला एवढंच सांगा: ‘आरटीओची जी ऑनलाइन पावती निघेल तेवढेच देईन, पावती मला हवी.’ आत्ताच असं म्हणालात की हा आकडा आपोआप खाली येतो. हे वाक्य ऐकल्यावर आम्ही टेबलावरून एकमेकांकडे बघायचो आणि नवं कोटेशन काढायचो.

घासाघिशीत सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते विम्याच्या ओळीत, त्यामुळे तिच्यावर जरा थांबतो.

नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा) विमा सक्तीचा आहे, सप्टेंबर २०१८ पासून. १००० ते १५०० सीसीसाठी त्याचा दर सरकारने ठरवलेला आहे, १०,६४०, आणि तो सगळ्या कंपन्यांचा सारखाच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा भाग मात्र एकाच वर्षाचा असतो, आणि खेळ तिथे आहे. तुमच्या गाडीची विमा किंमत (आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) एक्स-शोरूमच्या ९५ टक्के, म्हणजे १०,२६,०००. पुणे ‘अ’ विभागात येतं, तिथे या इंजिनाला जुना मूळ दर ३.२८३ टक्के, म्हणजे ३३,६८४. या दरावर विमा कंपन्या भरपूर सवलत देतात, निम्मी सहज. शोरूमच्या पॉलिसीत ती सवलत नाममात्र असते, कारण उरलेला फरक कमिशनच्या रूपाने डीलरकडे वळतो. तुमचे ५८,४०० वाचले आणि मला कळलं की सवलत जवळपास शून्य लावली आहे.

झिरो डेप्रिसिएशन (क्लेममध्ये भागांचा घसारा न कापणारं अ‍ॅड-ऑन), मालक-चालक अपघात विमा आणि १८ टक्के जीएसटी धरून हीच पॉलिसी बाहेर ३९,२०० च्या आसपास बसायला हवी. फरक १९,२०० चा. आजच दोन-तीन विमा कंपन्यांच्या साइटवर तीच विमा किंमत, तीच अ‍ॅड-ऑन टाकून आकडे काढा आणि त्यांचे फोटो घेऊन जा. शोरूमचा माणूस म्हणेल, ‘मॅडम, बाहेरून घेतला तर कॅशलेस होणार नाही.’ कॅशलेस हे विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर असतं, पॉलिसी कोणी विकली यावर नसतं. विमा कंपनीच्या यादीत तुमच्या सर्व्हिस सेंटरचं नाव आहे का, तेवढं पाहा. डीलरकडूनच विमा घ्या अशी सक्ती करता येत नाही, हे विमा नियामकाचंच धोरण आहे. माझा अनुभव असा की फोटो पुढे ठेवले की दहापैकी आठ वेळा शोरूम तोच भाव जुळवून देतं. जुळवून दिला तर त्यांच्याकडूनच घ्या, क्लेमच्या वेळी थोडी सोय होते.

आणि एक गोष्ट तुमच्या कोटेशनमध्ये कुठेच नाही, तिचं मला वाईट वाटलं. तुमच्या जुन्या गाडीवर पाच वर्षांत एकही क्लेम नाही असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ५० टक्के नो क्लेम बोनस (एनसीबी, क्लेम न केल्याबद्दलची सवलत) तुमचा आहे. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेज भागावर लागतो. वरच्या हिशेबात सवलतीनंतरचा ओन डॅमेज १६,८४२ धरला, तर निम्मे ८,४२१, वर जीएसटी, म्हणजे जवळजवळ दहा हजार. त्यासाठी जुनी गाडी विकल्याचा किंवा एक्स्चेंजला दिल्याचा पुरावा जुन्या विमा कंपनीला देऊन एनसीबी सर्टिफिकेट घ्यायचं. ते तीन वर्षं चालतं. एक्स्चेंजच्या ग्राहकाला हे विचारणं आमचं कामच होतं. कितीतरी जण विचारत नाहीत, आणि ग्राहकाला माहीत नसतं.

हँडलिंग चार्जेस. कुठे लॉजिस्टिक्स म्हणतात, कुठे डेपो चार्जेस, कुठे फाइल चार्जेस. गाडी यार्डातून शोरूमपर्यंत आणणं आणि धुऊन देणं हे डीलरचं काम आहे आणि त्याचं मार्जिन एक्स-शोरूम किमतीत आलेलं आहे. ही ओळ काढून टाका म्हणा. अडून बसले तर ‘हँडलिंग चार्ज’ असं नाव लिहून, जीएसटीसकट पक्कं बिल मागा. मिळत नाही, आणि ओळ जाते.

एसेन्शियल किटमध्ये मॅट, मडफ्लॅप, स्टिअरिंग कव्हर, गाडीचं कव्हर आणि परफ्यूम. यातलं तुम्हाला खरंच हवं ते मॅट आणि मडफ्लॅप. बाकीचं पिंपरीच्या किंवा पुण्यातल्या कुठल्याही अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात निम्म्या भावात मिळेल. टेफ्लॉन कोटिंग म्हणजे भारी पॉलिश, सहा महिन्यांत उतरतं. अंडरबॉडी कोटिंगचं गणित गावावर आहे. रत्नागिरी, मालवण, गोव्याकडे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गाडी उघड्यावर उभी राहणार असेल तर विचार करा, तोही चांगल्या कारागिराकडून, कारण दाराखालची पाणी निघायची भोकं बुजवली तर आत गंज धरतो. पिंपरी-चिंचवडमध्ये, पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीला कारखान्यातलं कोटिंग पुरतं.

वाढीव वॉरंटी मात्र ठेवा. टर्बो इंजिन आणि एवढी इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या गाडीत चौथ्या-पाचव्या वर्षी एखादा मोठा भाग गेला तर १६,५०० एका झटक्यात वसूल होतात. फक्त ती कंपनीची आहे की डीलरने कुठल्या तिसऱ्याच एजन्सीची लावली आहे, ते कागदावर तपासा. बहुतेक कंपन्यांत मूळ वॉरंटी संपायच्या आत ती नंतरही घेता येते, थोडी महाग पडते एवढंच. डाउन पेमेंटला पैसे कमी पडत असतील तर आज टाळलीत तरी चालेल.

मग तुमचा खरा आकडा: १०,८०,००० अधिक १,३५,००० अधिक ३९,२०० अधिक १०,८०० अधिक ६०० अधिक १६,५००, वजा ३०,०००. म्हणजे १२,५२,१००. नो क्लेम बोनस धरला तर १२,४२,००० च्या आसपास. तुमचं आत्ताचं कोटेशन १३,११,५०० आहे.

सूट तीसच हजार का, हेही विचारा. ‘कंपनीची स्कीम किती आणि शोरूमची किती?’ हा प्रश्न सरळ विचारायचा. दर महिन्याला कंपनीकडून स्कीमचा कागद येतो: रोख सूट, एक्स्चेंज बोनस, लॉयल्टी बोनस, कॉर्पोरेट सूट. अनेक कंपन्यांत सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांना वेगळी सूट असते, ओळखपत्र दाखवून. तुमच्या कोटेशनमध्ये तशी ओळ नाही. शाळेचं ओळखपत्र घेऊन जा आणि विचारा. ती कंपनी देते, डीलरच्या खिशातून जात नाही, तरी विचारल्याशिवाय निघत नाही.

आता गाडी कधीची आहे हा मुद्दा. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण याची माझ्या मनाला बोच आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, डिसेंबरात, मी एका निवृत्त पोस्टमास्तरांना गाडी विकली. मोठी सूट होती, तेही खूश, मीही खूश, टार्गेट झालं. डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी मी यार्डात गेलो. वाघोलीकडचं मोकळं मैदान, दुपारचं ऊन, रांगेने उभ्या गाड्या. ती गाडी शेवटच्या रांगेत होती. काचेवर धुळीचा थर इतका की बोटाने नाव लिहिता आलं असतं, वायपरचं रबर उन्हाने कडक झालेलं, आणि टायर जिथे जमिनीला टेकले होते तिथे गवत उगवलं होतं. दार उघडून खांबावरची पट्टी पाहिली, टायरच्या बाजूवरचे चार आकडे पाहिले. गाडी मार्चमधली. नऊ महिने तिथे उभी. मी काही बोललो नाही. गाडी धुतली, बॅटरी चार्ज केली, हार घातला. चार वर्षांनी काका ती विकायला आले तेव्हा आरसीवरचा महिना-वर्ष बघून व्यापाऱ्याने भाव पाडला, आणि त्यांनी मला एवढंच विचारलं, ‘तुला माहीत होतं का रे?’

म्हणून सांगतो: विकायला गेलात की गाडीचं वय पासिंगपासून धरलं जात नाही, बनल्याच्या महिन्यापासून धरलं जातं. पैसे भरण्याआधी चॅसिस नंबर मागा. सतरा अक्षरांच्या त्या नंबरात बनल्याचं वर्ष आणि महिना दडलेला असतो, पण कोड कंपनीगणिक वेगळा, तेव्हा तोंडी अर्थ लावत बसू नका. ‘मॅन्युफॅक्चरिंगचा महिना लेखी द्या’ म्हणा, आणि स्वतः यार्डात जाऊन पट्टी बघा. टायरवर एका चौकटीत चार आकडे असतात. ‘३५२५’ म्हणजे २०२५ सालचा ३५ वा आठवडा. गाडी सप्टेंबरची आणि चार टायर त्याच सुमाराचे असतील तर ठीक. एखादा टायर वेगळ्याच वर्षाचा दिसला तर का बदलला ते विचारा.

गाडी दोन महिन्यांच्या आतली असेल तर तीस हजार सूट वाईट नाही. चार-पाच महिन्यांची असेल तर कमी आहे. यार्डात उभ्या गाडीवर डीलर व्याज भरत असतो. साडेनऊ लाखांवर नऊ टक्क्यांनी महिन्याला सात हजारांच्या वर. चार महिन्यांत त्याचे अठ्ठावीस हजार गेलेले असतात, त्याला ती गाडी काढायचीच असते. आणि साल बदललं असेल, म्हणजे गाडी मागच्या डिसेंबरची आणि तुम्ही जानेवारीत घेताय, तर कितीही सूट असली तरी आधी हे ठरवा की गाडी किती वर्षं ठेवणार. दहा-बारा वर्षं ठेवणार असाल तर घ्या, पुनर्विक्रीतला तोटा तोपर्यंत विरून जातो. चार वर्षांत बदलणार असाल तर नको.

‘शनिवारपर्यंतच’ या धमकीचं ऐकू नका. स्कीम महिनाअखेरीपर्यंत असते, शनिवार त्या सेल्सच्या मुलाच्या आठवड्याच्या टार्गेटचा आहे. त्याच्यावर रागावूही नका, त्याचा टीम लीडर त्याच्या मागे लागलेला असतो. खरा फायदा महिन्याच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत, मार्चअखेर आणि डिसेंबरात होतो. पितृपक्षात शोरूम ओस असतात. तेव्हा भाव ठरवून बुकिंग करायचं आणि डिलिव्हरी दसऱ्याला घ्यायची, हे माझ्या ओळखीतले जाणते ग्राहक वर्षानुवर्षं करत आले आहेत. ऐन पाडव्याला किंवा धनत्रयोदशीला भाव करायला गेलात तर तुमच्यामागे वीस जण उभे असतात, कोण कमी करेल? फक्त एवढं लक्षात असू द्या की बुकिंगच्या दिवशीची किंमत धरली जाईलच असं नाही. बहुतेक कंपन्यांत बिल ज्या दिवशी बनतं त्या दिवशीची किंमत लागते. ‘किंमत वाढली तर बुकिंगचे पैसे पूर्ण परत’ हे पावतीवर लिहून घ्या.

एक्स्चेंजचं बोलू. तुमच्या जुन्या गाडीला शोरूम २,६०,००० देतंय आणि वर २५,००० एक्स्चेंज बोनस. बोनस ऐकून बरं वाटतं, पण दोन्ही मिळून २,८५,०००. बाहेर एका ऑनलाइन खरेदीदाराने तुम्हाला ३,०५,००० सांगितलेत. फरक वीस हजारांचा. त्यातले काही हजार मी शोरूमच्या बाजूने धरेन, कारण नाव बदलून देण्याची जबाबदारी ते घेतात, पण ती खरंच घेतात का हे बघायला हवं. माझी स्वतःची गाडी मी एका डीलरकडे दिली होती, ओळखीवर विसंबून कागद पुरे न करता. आठ महिने नाव बदललं नव्हतं. सोलापूर रस्त्यावरच्या वेगाच्या दंडाची चलनं माझ्या मोबाइलवर येत होती, आणि त्या आठ महिन्यांत एखादा अपघात झाला असता तर कोर्टात मालक म्हणून मी उभा राहिलो असतो. गाडीची किल्ली देताना २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मच्या सही केलेल्या प्रती, ताबा दिल्याची तारीख-वेळ असलेली पावती आणि किती दिवसांत नाव बदलणार याचं पत्र घ्या. शोरूमला ३,०५,००० चा मेसेज दाखवा. २,९५,००० पर्यंत आले तर त्यांच्याकडेच द्या.

कर्जाचं थोडक्यात. शोरूममधला बँकेचा माणूस ‘फक्त ५ टक्के फ्लॅट’, म्हणजे हप्ते फेडत गेलात तरी व्याज मूळ रकमेवरच, असं म्हणाला असेल, तर आठ लाखांना पाच वर्षांत दोन लाख व्याज, म्हणजे घटत्या शिल्लकीवर ९ टक्क्यांच्या किंचित वर. फ्लॅट आकडा ऐकूच नका, घटत्या शिल्लकीवरचा दर विचारा. आठ लाख, पाच वर्षं, ९ टक्के असेल तर हप्ता १६,६०७. १० टक्के असेल तर १६,९९८. महिन्याला चारशेच्या आतला फरक, पण पाच वर्षांत साडेतेवीस हजार. तुमचा पगार ज्या बँकेत येतो तिथे आधी विचारा, पगार खात्यावर दर अनेकदा कमी मिळतो. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर किती दंड, हे दोन आकडे लेखी घ्या.

गाडी परराज्यात पास करून घ्या असं तुमच्या भावाने सुचवलंय, ते करू नका. खोटा पत्ता लावून दुसऱ्या राज्याचा नंबर घेतला आणि गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे राहिली की इथे पुन्हा नोंदणी आणि कर आलाच. क्लेमच्या वेळीही त्या पत्त्यावरून प्रश्न निघू शकतात.

शनिवारी जाताना भावाला बरोबर न्या, पण बोलायचं तुम्हीच. आधी म्हणा, ‘प्रोफॉर्मा इन्व्हॉइस द्या, प्रत्येक ओळ वेगळी.’ मग विम्याचे फोटो, मग आरटीओच्या पावतीचं, मग हँडलिंग, मग किट. एकेक ओळ, घाईशिवाय. कधीच असं म्हणू नका की ‘शेवटचा भाव किती’, कारण त्या प्रश्नाला ते दोन हजार कमी करून, मॅट फुकट देऊन मोकळे होतात. त्याच कंपनीच्या दुसऱ्या शोरूमचं कोटेशन खिशात असू द्या. पुण्यात प्रत्येक मोठ्या कंपनीचे तीन-चार डीलर आहेत, आणि सातारा किंवा बारामतीचा डीलर कित्येकदा जास्त मोकळेपणाने बोलतो. पैसे फक्त डीलरच्या नावाच्या खात्यावर, चेकने किंवा आरटीजीएसने. कोणा मुलाच्या यूपीआयवर पाचशे रुपयेही नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख देऊ नका, आयकर कायद्यात ते बसत नाही.

१२,५५,००० पर्यंत आले, गाडी दोन महिन्यांच्या आतली निघाली आणि जुन्या गाडीला २,९५,००० मिळाले, तर बुक करून टाका. सुधारलेलं कोटेशन आलं की विम्याची ओळ आणि चॅसिस नंबरवरून त्यांनी सांगितलेला महिना, एवढे दोन आकडे इथे कळवा. बघून लगेच सांगतो.